देशोदेशींच्या शाळा

शाळा म्हटली की एक फळा, त्यासमोर बसलेली मुले आणि त्यांना शिकवणारे शिक्षक असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. जगात कोठेही जा, हे चित्र थोड्याफार फरकाने तेच. पण वर्गाचे दार लोटून आत डोकावावे, तो प्रत्येक देशाची रीत निराळी! फिनलंडमधील मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते. तोवर खेळणे हाच त्याचा अभ्यास. जपानमधील मुले आपला वर्ग आपणच झाडतात आणि दुपारचे जेवण एकमेकांना वाढतात. जर्मनीच्या बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. कोणी विद्यापीठाच्या वाटेला लागतो, कोणी हस्तव्यवसायाच्या. समाजाला आपली मुले जशी व्हावीत असे वाटते, त्याचे प्रतिबिंब त्याच्या वर्गात पडते.

मी पनवेलच्या बाहेर फारसा गेलो नाही. माझे सारे आयुष्य येथील मुलांना मराठी शिकवण्यात गेले. परंतु पनवेल हे जुने बंदर, घाटाच्या पायथ्याची बाजारपेठ. दूरदेशीच्या वार्ता येथे आपसूक येत. येथे बेने इस्रायल समाजाची जुनी वस्ती होती. या समाजाने १८४९ साली बांधलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर आजही गावात उभे आहे. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली आणि घरी मराठी बोलणारी ही कुटुंबे एकामागून एक तिकडे जाऊ लागली. माझा एक विद्यार्थी आठवीत असताना असाच आईवडिलांबरोबर गेला. काही वर्षांनी तो गावी आला, तेव्हा मुद्दाम मला भेटावयास आला.

“सर, तिकडे मुले शिक्षकांना नावाने हाक मारतात,” तो म्हणाला. “बाई वर्गात आल्या की मी एकटाच उठून उभा राही आणि सारा वर्ग हसे. त्यांचे नाव घ्यायला माझी जीभच उचलत नसे. मुले बाईंशी खुशाल वाद घालीत. मला उत्तर येत असे. पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही ही आपली सवय! बाईंना वाटे, या मुलाला काहीच येत नाही. पुढे लेखी परीक्षा झाली, तेव्हा कोठे त्यांचा समज दूर झाला.”

“मग कोणती शाळा चांगली?” मी विचारले.

तो क्षणभर थांबला व म्हणाला, “सर, विचारायला मी तेथे शिकलो. पण दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यायला मी येथून शिकून गेलो होतो. तेथे तेही फार उपयोगी पडले.”

त्याच्या या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. दुसऱ्या देशाची रीत चांगली दिसली, तर ती घ्यावी काय? आणि घ्यावी तर कशी? इतिहासातील दोन गोष्टी या बाबतीत बोलक्या आहेत.

१७८९ साली मद्रासला अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री अनाथ मुलांची शाळा पाहत होते. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असलेली त्यांनी पाहिली. आपल्या शाळेतही त्यांनी हीच रीत सुरू केली, आणि धाकट्यांना शिकवण्याचे काम मोठ्या मुलांकडे सोपविले. १७९७ साली त्यांनी लंडनला या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि विलायतेत ही पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. आपली धुळाक्षरे अशी सातासमुद्रापार गेली! परंतु तेथे शेकडो मुलांचे एकेक वर्ग भरू लागले. इशारा होताच मुलांनी पाटी उचलायची, इशारा होताच खाली ठेवायची. एका मुलाने दुसऱ्याला हात धरून शिकवावे यातील माया हरपली आणि उरले ते केवळ यंत्र.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब मुलांसाठी ‘बालगृह’ उघडले. मुलांनी वस्तू हाताळून, आपल्या गतीने शिकावे, हे त्यांचे सूत्र. ताराबाई मोडक यांनी हे सूत्र उचलले. पण त्यासाठी लागणारी महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ झाला आहे. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही भरविली. विचार रोमचा, पण माती आपली!

बेलसाहेबांची पद्धत विलायतेत पसरली, पण तिचा आत्मा मागे राहिला. ताराबाईंनी आत्मा तेवढा घेतला आणि बाह्य रूप आपल्या मातीतून घडविले. परक्याचे घ्यायचे ते असे घ्यावे.

बालमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी काहीजण दूरदेशीच्या शाळांत शिकतील. पण त्यांच्याकडून घेण्याजोगी पहिली गोष्ट आजच, याच वर्गात घेता येईल; ती म्हणजे प्रश्न विचारणे. ही गोष्ट मुळात परकी तरी कोठे आहे? आपल्या एका उपनिषदाचे नावच ‘प्रश्नोपनिषद’ आहे. सहा जिज्ञासू समिधा हाती घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात आणि एकेक प्रश्न विचारतात. त्यांच्या हातांत समिधा होत्या, म्हणून त्यांचे ओठ मिटलेले नव्हते. आदर आणि प्रश्न ही भावंडेच आहेत. एकाला घरात घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर घालवावे लागत नाही. शिक्षक वर्गात आले की अवश्य उठून उभे राहा. त्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐका. आणि समजले नाही, तर उभ्या उभ्याच विचारा. पण विचारल्यावाचून खाली बसू नका.