सायलेन्सर आणि सदसद्विवेक

धर्मगुरूकडे येणारे प्रश्न काळाबरोबर बदलत जातात. पूर्वी जमिनीची वाटणी, विहिरीचे पाणी, सोयरीक आणि सावकाराचे व्याज यांविषयी सल्ला विचारला जाई. आज त्यांच्या जोडीला असेही प्रश्न येतात, की ज्यांचा उल्लेख सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोधूनही सापडू नये. वरवर पाहता ते धर्माचे प्रश्नच वाटत नाहीत. परंतु थोडे खरवडले, की आतून जुनाच प्रश्न निघतो: आपल्याला जे आवडते आणि शेजाऱ्याला जे सोसावे लागते, त्यांचा मेळ कसा घालायचा?

मध्यंतरी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने असाच एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला. हा मुलगा जहाजावर नोकरीला. घराचे कर्ज फेडून, बहिणीचे लग्न करून दिल्यावर मगच त्याने स्वतःच्या हौसेसाठी एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. आता त्याला तिचा एक्झॉस्ट बदलायचा होता. मूळ सायलेन्सर काढून त्या जागी सरळ नळी बसवायची, वाटेतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकायचा, म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने गर्जेल, असे गॅरेजवाल्याने त्याला सांगितले होते. कायद्याची भीती त्याला ठाऊक होती. त्याने हिशेबही करून ठेवला होता. तो म्हणाला, “फादर, पकडलो तर दंड भरीन. वर्षातून दोनदा भरावा लागला तरी मला परवडेल. मी कुणाचे काही चोरत नाही. मग यात पाप कुठे आले?”

प्रश्न प्रामाणिक होता; म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. प्रथम हे मान्य करू या, की त्या आवाजात एक आनंद आहे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन पेटते, झडप उघडताच तप्त वायू दाबाने बाहेर झेपावतो आणि अशा असंख्य धक्क्यांच्या मालिकेतून गाडीचा आवाज तयार होतो. सिलिंडरांची संख्या व त्यांच्या पेटण्याचा क्रम यांनुसार प्रत्येक इंजिनाचा स्वर निराळा असतो. जाणकार कान डोळे मिटून गाडी ओळखतो. ही रसिकता आहे, आणि रसिकतेला पाप म्हणण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही.

परंतु सायलेन्सर कशासाठी असतो, हेही समजून घेतले पाहिजे. १८९७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनी अशा साधनाचे पेटंट घेतले. आतील कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या यांमधून वायू फिरतो, त्याचा जोर ओसरतो, ध्वनिलहरी एकमेकींवर आदळून क्षीण होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम तर त्याहून नाजूक. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पातळ थरावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते, न जळालेल्या इंधनाचा बराच अंश नाहीसा होतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन बनतो. म्हणजे ही दोन्ही साधने चालकासाठी नाहीतच. गाडी निघून गेल्यावर मागे जे लोक उरतात, त्यांच्या कानांसाठी आणि फुप्फुसांसाठी ती आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मालकाला मनाई करते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ही मनाई ठामपणे उचलून धरली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. आवाजाच्या व हवेच्या प्रदूषणाची मर्यादा मोडणाऱ्यास १९० व्या कलमानुसार पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय तीन महिने परवाना गमवावा लागतो. यांखेरीज विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो, हे वेगळेच. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिलीच असतील.

एवढ्यावरच थांबलो असतो तर आमचे उत्तर आणि वाहतूक पोलिसाचे उत्तर यांत फरक राहिला नसता. त्या तरुणाने दंडाची रक्कम हिशेबात धरलीच होती. त्याचा खरा मुद्दा निराळा होता: दंड भरायची तयारी असली, की कायदा मोडायची मोकळीक मिळते का?

वाचकांना नवल वाटेल, पण या प्रश्नावर आमच्या ईशज्ञांनी शतकानुशतके वाद घातला आहे. काही कायदे ‘केवळ दंडात्मक’ असतात, ते पाळावेत किंवा पकडले गेल्यास दंड भरावा, त्यांचे ओझे सदसद्विवेकावर नसते, अशी एक विचारसरणी सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पेनमध्ये बळावली. फ्रान्सिस्को सुआरेझसारख्या थोर येशूसंघीय पंडिताचे नाव तिच्याशी जोडले जाते. आमचा तरुण सुआरेझ वाचलेला नाही. तरी त्याने नेमका तोच युक्तिवाद केला! जकात आणि करांच्या संदर्भात या विचाराला काही आधार सापडेलही. पण कायद्यामागे कुणाचा तरी जीव, कुणाची तरी झोप, कुणाचा तरी श्वास उभा असेल, तर दंडाची पावती तिथे पुरी पडत नाही. पावती सरकारला मिळते. झोप ज्याची मोडली त्याच्या हाती काहीच पडत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना सर्वांच्या हिताला मध्यभागी ठेवले, ते उगाच नव्हे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही या प्रश्नाला स्पर्श केला आहे. १९६५ साली संमत झालेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात आरोग्यरक्षणाचे नियम आणि वाहनांच्या वेगमर्यादा यांकडे काणाडोळा करणाऱ्यांचा उल्लेख आहे. अशा बेफिकिरीने आपण स्वतःचे व इतरांचे प्राण धोक्यात घालतो हे त्यांच्या ध्यानीही येत नाही, असे परिषदेने बजावले. पुढे २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यांवरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि वाहनचालकांसाठी दहा आज्ञा मांडल्या. त्यांतील पाचवीचा आशय असा, की मोटार हे सत्ता आणि वर्चस्व मिरवण्याचे साधन होऊ नये. सरळ नळीतून निघणारी ती गर्जना कधी कधी संगीत नसते. ‘मी आलो आहे, वाट सोडा’ अशी ती दवंडी असते.

आणि आवाजाच्या बाबतीत आपण धार्मिक माणसांनी इतरांकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. चेन्नईतील एका चर्चच्या ध्वनिवर्धकांविरुद्ध शेजारच्या वसाहतीतील रहिवासी न्यायालयात गेले होते. २००० सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की इतरांची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. हा निकाल एका चर्चविरुद्ध गेला, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करते. देवाच्या स्तुतीलाही जिथे मर्यादा आहे, तिथे इंजिनाला सवलत कशी मागावी?

देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांभोवती १०० मीटरपर्यंतचा शांतता परिसर घोषित केला जातो आणि तिथे ती आणखी कमी आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते, वीस वाढले की शंभरपट. आमच्या आळ्या अरुंद. दोन्ही बाजूंची घरे रस्त्याला लागून. आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही त्या घरांत जातो. एका घरात पक्षाघाताने खिळलेले आजोबा आहेत, दुसऱ्यात बाळंतीण, तिसऱ्यात रात्रपाळी करून आलेली परिचारिका. आळीतून बुलेटवाला ‘फटाके’ काढत गेला, की आजोबांचा निकामी नसलेला हात चादर घट्ट धरतो. ते काही बोलू शकत नाहीत. दंडाच्या हिशेबात हा हात कोणत्या रकान्यात लिहायचा?

त्या तरुणाला आम्ही हे सारे सांगितले, पण हौस मारून टाक असे सांगितले नाही. काही स्पोर्ट्‌स गाड्यांना कारखान्यातूनच झडपेचा एक्झॉस्ट येतो. तो मान्यताप्राप्त असतो आणि वस्तीत आवाज दबका ठेवता येतो. गाडी मोकळी सोडायचीच असेल तर कोइंबतूर, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोएडा येथे शर्यतींसाठी बांधलेले मार्ग आहेत; तिथल्या नियमांत राहून हौस फेडता येते. तिथे ऐकायला येणारा स्वतःहून येतो. वस्तीतल्या माणसाला निवड नसते, एवढाच काय तो फरक. पण नीतीचा सारा प्रश्न त्या फरकात आहे.

आपल्यात नवी गाडी आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणण्याची सुंदर रीत आहे. फुलांचा हार, मेणबत्ती, आईच्या डोळ्यांत पाणी. आम्ही गाडीवर पवित्र पाणी शिंपडतो आणि तिच्यातून प्रवास करणाऱ्यांना परमेश्वराने सांभाळावे अशी प्रार्थना करतो. पालकांना आमची एक विनंती आहे. त्या वेळी मनातल्या मनात आणखी एक प्रार्थना जोडावी: ही गाडी ज्यांच्या दारावरून जाईल, त्यांनाही हा आशीर्वाद लाभो. आणि मग किल्ली मुलाच्या हाती देताना त्याला त्या दारांतील माणसांची नावे सांगावीत. नाव ठाऊक असलेल्या माणसाची झोप मोडणे जड जाते.