देव आले, मिसरी माणूस कुठे गेला?

ब्रिटिश लेखक जेम्स लव्हग्रोव्ह यांची 'द एज ऑफ रा' ही कादंबरी २००९ साली आली. कल्पना अशी की रा, ओसायरिस, आयसिस, सेत, नेफ्थिस हे प्राचीन मिसरचे देव बाकी सगळ्या देवतांना हरवून आजच्या जगाचे मालक झाले आहेत. देश त्यांनी आपसांत वाटून घेतलेत. ब्रिटन ओसायरिस-आयसिसच्या वाट्याला गेले आहे. सैनिकांची शस्त्रेसुद्धा त्या त्या देवाच्या शक्तीवर चालतात. आमच्या नववीतल्या मुलाने हे पुस्तक दोन दिवसांत संपवले आणि 'तुम्ही वाचाच' म्हणून आमच्या हाती दिले. मूसा अलैहिस्सलाम आणि फिरऔन यांचा किस्सा ऐकत वाढलेल्या घरात मिसरचे नाव निघाले की कान टवकारतातच. आम्ही मोठ्या उत्सुकतेने वाचायला बसलो.

लढाया झकास आहेत, ते कबूल. पण देव? सेतने भावाला मारले, त्याच्या देहाचे तुकडे केले आणि आयसिसने ते शोधून गोळा केले, ही मिसरी लोकांची मूळ कथा ऐकणाऱ्याला गप्प करणारी आहे. इथे त्या दुःखाची नुसती भाऊबंदकी झाली आहे. टोमणे, रुसवेफुगवे आणि मध्ये पडून समजूत घालता घालता दमलेला रा, अगदी लग्नघरातल्या थोरल्या मामूसारखा. हसू येते, भीती मात्र वाटत नाही.

आम्हांला खरी खुपली ती वेगळीच गोष्ट. आपला ईमान गैबवर आहे, न पाहिलेल्यावर. आणि इथे देवांची सत्ता तर उघडउघड, शस्त्राशस्त्रांतून जाणवणारी! मग माणूस इबादत करतो की नुसता सरकारला कर भरतो? ज्याच्या हाती शस्त्र त्याच्यापुढे झुकणे याला भक्ती म्हणायचे का? फिरऔनने स्वतःला रब म्हणवून घेतले तेव्हा प्रश्न हाच तर होता. लेखकाच्या हातात तो आयता आला होता. त्याने तो बाजूला ठेवला आणि पुढची चकमक सुरू केली.

कादंबरीत मिसर हा एकच देश देवांच्या ताब्याबाहेर आहे. नायक डेव्हिड, एक ब्रिटिश अधिकारी, शत्रूच्या कैदेतून निसटून तिथे पोहोचतो. तिथे मुखवटा घातलेला एक नेता देवांविरुद्ध बंड उभारतो आहे. वाचताना आम्ही खूश झालो : चला, अखेर मिसरी माणूस बोलणार! (पुढे रहस्य फुटते आहे, वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) मुखवट्याआड निघतो नायकाचाच इंग्रज भाऊ. झाफिरा नावाची लढवय्यी मिसरी तरुणी आहे, पण तिच्या वाट्याला बहुतेक या दोन भावांमधली ओढाताणच येते. ज्या देशात इंग्रजांचे सैन्य १८८२ मध्ये घुसले आणि ज्याचे शेवटचे सैनिक १९५६ मध्ये बाहेर पडले, त्या देशाला मुक्त करायला कल्पनेतसुद्धा इंग्रजच हवा?

मुलाला हे सांगितले तर म्हणाला, "अब्बू, गोष्ट आहे ती, इतका विचार कशाला?" गोष्टच आहे, म्हणून तर विचार करायचा. इतिहासाच्या तासाला आम्ही शिकवतो त्याच्या दसपट तो गोष्टींतून शिकतो.

मिसरचेच नजीब महफूज, १९८८ चे नोबेल मिळवणारे, यांनी १९४४ साली 'किफाह तीबा' लिहिली. परक्या हिक्सोस राजांना तीबाचे लोक हुसकून लावतात, अशी ती प्राचीन काळची गोष्ट. तेव्हा इंग्रजांचे सैन्य मिसरमध्येच होते. वाचकांना काय कळायचे ते कळले असणार. इंग्रजीत ती 'थीब्ज ॲट वॉर' नावाने मिळते, आम्ही मागवली आहे. मुलाने पहिला प्रश्न विचारला, त्यात देव लढतात का? नाही, माणसेच लढतात, म्हटल्यावर जरा हिरमुसला. मग म्हणाला, "रथ तरी आहेत ना?"

आहेत.