ओहोटीच्या वेळचे पाहुणे

जामनगरहून द्वारकेच्या वाटेवर, वाडीनारजवळ, नरारा नावाचे एक ठिकाण आहे. इतरत्र समुद्र काठावर उभे राहून पाहावा लागतो. येथे ओहोटी लागली की पाणी दूर सरते आणि समुद्राच्या तळावरून चालता येते. कच्छच्या आखातातील हा परिसर १९८२ साली घोषित झालेल्या भारतातील पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. वनखात्याची परवानगी घेऊन, वाटाड्याला सोबत ठेवून पर्यटक आत उतरतात.

पाणी ओसरले तरी तळ ओसाड होत नाही. खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे, तारामासे, ऑक्टोपस भरतीची वाट पाहत असतात. दगडासारखे भासणारे प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत होय. त्याच्या कित्येक जाती वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. बुटाच्या एका टाचेखाली अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

अशा सहलीत एक प्रसंग वारंवार घडतो. खळग्यात केंड मासा दिसतो. कोणी तो उचलून तळहातावर धरतो, मासा चेंडूसारखा फुगतो, मुले टाळ्या वाजवतात, छायाचित्रे निघतात. परंतु शत्रूने गिळू नये म्हणून पाणी पोटात ओढून फुगणे, हा त्या मुक्या जीवाचा अखेरचा बचाव असतो. पाण्याबाहेर तो हवा गिळतो आणि ती पुन्हा बाहेर टाकणे त्याला फार जड जाते. ज्या दृश्याने मुले हरखतात, ते त्याच्या भीतीचे रूप असते.

हे टाळणे पर्यटकांच्याच हाती आहे. पाहुण्यांना जे आवडते तेच वाटाड्या दाखवतो. म्हणून आत उतरण्यापूर्वीच त्याला नम्रपणे सांगावे : "काही उचलू नका, जेथे आहे तेथेच दाखवा." प्रवाळ टाळून, वाळूवर पाहून पाऊल टाकावे. दगड उलटू नयेत, कारण त्यांच्या सावलीत अनेक जीव तग धरून असतात. रिकामा शंखही पिशवीत घालू नये. मऊ अंगाचा एखादा खेकडा त्यात उद्या आसरा घेणार असतो.

असे सांगणाऱ्या कुटुंबातील मुलांना फुगलेला केंड दिसत नाही. खळग्याशी वाकून, श्वास रोखून पाहिल्यास इवल्या परांनी संथ फिरणारा केंड मात्र दिसतो. थोड्या वेळाने भरतीचे पाणी खळग्यापर्यंत येते आणि तो आपल्या वाटेने निघून जातो.