वाड्याचा माळा

पुण्याच्या पुष्कळशा पेठांचीं नांवें वारांवरून पडलेलीं आहेत. शनिवार पेठ ही त्यांतील जुन्यांपैकीं एक असून तिचें पूर्वींचें नांव मुर्तझाबाद असें होतें. परगांवचा पाहुणा आला म्हणजे त्यास या पेठेंतील शनिवारवाडा दाखविण्याचा प्रघात आहे. १० जानेवारी १७३० रोजीं ज्याचा पाया घातला गेला आणि १८२८ च्या आगींत ज्याचे आंतील महाल जळून केवळ तट, दरवाजे व जोतीं शिल्लक राहिलीं, तो वाडा पाहण्यासारखा आहे, यांत शंका नाहीं. परंतु पेठेंतील सामान्य कुटुंबांचा संसार कसा चालला, हें त्या तटावरून कळत नाहीं. तें जाणण्याची इच्छा असेल त्यानें मुठेच्या कांठच्या ओंकारेश्वरापासून निघून मेहुणपुऱ्याच्या बोळांतून हिंडावें, आणि जे थोडे जुने वाडे अजून उभे असतील त्यांच्या माळ्याकडे दृष्टि टाकावी.

माळा म्हणजे अडगळीची जागा, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः माळा ही घराची पेढी होती. फुटक्या ट्रंका, तुटलेल्या खुर्चीचे पाय, रिकामे डबे, सुतळीचीं गुंडाळीं, जुन्या लुगड्यांचीं बोचकीं, सारें तेथें ठेव म्हणून पडून असे आणि गरज पडेल तेव्हां खालीं येई. कोणतीही वस्तु एकदम निरुपयोगी होत नाहीं, ती एक एक पायरी उतरत जाते, हा त्या पेढीचा मूळ सिद्धान्त होता.

नऊवारी लुगड्याचेंच उदाहरण घ्या. तें मध्यें विरलें म्हणजे विरलेला भाग कापून काढून त्यास दांड घालीत, आणि दांडाचें लुगडें आणखी एकदोन वर्षें घरांत वापरीत. पुढें त्याचीं तान्ह्या मुलाचीं दुपटीं व झबलीं होत. नव्या कापडाची खरखर कोवळ्या अंगास सोसत नाहीं. शेंकडों वेळां धुतलेलें कापड मात्र सायीसारखें मऊ होतें. त्यानंतर गोधडीची पाळी. विरलेलें कापड एकेरी धरलें तर बोटानें फाटतें. परंतु तसेंच पांचसहा थर एकावर एक पसरून त्यांतून जवळ जवळ धावदोरा घातला कीं, ओढ एका थरावर न पडतां सर्वांत वांटली जाते, आणि थरांमध्यें कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. गोधडीही झिजली म्हणजे तिचें बसकर होई, कडेच्या चिंध्यांची चुंबळ होई, आणि शेवटचा तुकडा पोतेऱ्याच्या रूपानें जमीन सारवितां सारवितां मातीस मिळे.

कागदाचीही तीच गोष्ट. वर्तमानपत्रें व वह्यांचीं पानें दोनतीन दिवस पाण्यांत भिजवून उखळांत कुटीत, त्या लगद्यांत मेथीची पूड मिसळीत, आणि पालथ्या घातलेल्या पातेल्यावर तो सारखा थापून उन्हांत वाळवीत. मेथीच्या अंगचा चिकटपणा लगद्यास धरून ठेवतो. अशी टोपली पाण्यापासून जपली तर सुकें धान्य, भाजलेल्या शेंगा, विणकामाचें साहित्य ठेवण्यास पुष्कळ वर्षें पुरते. दिवाळींत मुलांचा किल्लाही याच भांडवलावर उभा राही: पडक्या भिंतीच्या विटा, अंगणांतील माती, वर अंथरलेलें ओलें गोणपाट आणि त्यावर पेरलेले हळीव. सण संपला कीं विटा जागेवर, माती कुंडींत, आणि गोणपाट झटकून पुन्हां माळ्यावर. आज बाजारांत रंगविलेले तयार किल्ले मिळतात. ते दिसावयास सुबक असतात, पण सण संपल्यावर त्यांचें काय करावें हा प्रश्न शिल्लक ठेवतात.

या काटकसरीचें कौतुक करितांना एक गोष्ट विसरतां कामा नये. गोधडीचा हजारों टांक्यांचा हिशेब कोणत्याही कीर्दींत लिहिला गेला नाहीं. दुपारच्या वेळीं माजघरांत बसून ते टांके घालणाऱ्या बहुधा घरांतील विधवा आत्या, मावश्या व चुलत्या असत. घराची बचत जमेस धरली जाई, त्यांचे श्रम मात्र धरले जात नसत. म्हणून 'जुनें तें सारें सोनें' असें म्हणून चालणार नाहीं.

ही पेढी मोडली कशी? १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी कांठच्या पेठांत शिरलें. शनिवार पेठेचा नदीकडील भाग त्या पुरांत सांपडला. मातीच्या भिंतींचे अनेक वाडे भिजून बसले. पुढील काळांत, पुरांतून वांचलेले वाडेही वांटण्या, भाडेकरूंचे तंटे व वाढत्या जागेच्या किंमती यांमुळें पडत गेले आणि त्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. सदनिकेंत उजेड आहे, नळ आहे, स्वच्छता आहे. पण माळा नाहीं. ठेवण्यास जागा नाहीं, कुटण्यास उखळ नाहीं, वाळविण्यास अंगण नाहीं. नव्या पिढीस काटकसर नको आहे, हा आरोप सर्वस्वीं खरा नाहीं. काटकसरीला जागा लागते, आणि तीच तिच्यापासून गेली आहे.

हौस मात्र गेलेली नाहीं. लग्नाच्या रुखवतांत आजही फुटक्या बांगड्यांचीं तोरणें, करवंटीचीं कासवें, आगपेट्यांचे बंगले मांडलेले दिसतात. त्या हातांचें कौशल्य खरें आहे. परंतु कापड, काच, चमकी व प्लॅस्टिक हीं एकत्र डिंकानें अशीं चिकटविलीं जातात कीं पुन्हां वेगळीं करितां येत नाहींत. चार दिवस शोभा झाली कीं सारें एकदम कचऱ्यांत. गोधडीचा दोरा उसवितां येतो. चिकटविलेली वस्तु उसवितां येत नाहीं. जुन्यांतून नवें करितांना पाहावयाचें तें हें: या वस्तूमुळें एखादी विकत घेण्याची वस्तु टळली काय, आणि हिच्यानंतर हिची पुढची पायरी शिल्लक आहे काय?

घराचा माळा गेला तरी शहराचा माळा असूं शकतो, याची साक्ष याच पेठेच्या आसपास मिळते. शनिवारवाड्यापलीकडे कसबा पेठ लागते. तेथें कागदीपुरा आहे. कागद करणाऱ्या कारागिरांवरून त्यास हें नांव पडलें. चिंध्या, जुने दोर व गोणपाट कुजवून, कुटून, त्यांचा रांधा पाण्यांत कालवून चाळणीसारख्या सांच्यावर उचलणें, हा त्या धंद्याचा सामान्य मार्ग होता. तेथून परत येऊन १९२३ सालीं बांधलेल्या नव्या पुलावरून नदी ओलांडली कीं शिवाजीनगर लागतें. महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळींतून प्रेरणा घेऊन के. बी. जोशी यांनीं १९४० सालीं हातकागदाची संस्था उभी केली ती तेथेंच. सुती चिंध्यांपासून, लांकडाचा कण न वापरतां, कागद करण्याची ती विद्या. शाईखालीं तो कागद हातीं धरला असतां मनांत येतें कीं, यांत कोणाचें तरी धोतर आहे, कोणाचें तरी परकराचें कापड आहे; पोतेऱ्यानंतरही कापडास एक पायरी उरली होती, आणि ती सरस्वतीच्या घराची होती.

परंतु आज पेठेचा खरा माळा रोज सकाळीं आपल्या दारीं येतो, तो ढकलगाडीवर. शहरांतील कचरा वेंचणाऱ्या श्रमजीवींनीं १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना बांधली, आणि २००८ सालीं त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद बहुतांशीं स्त्रिया आहेत. दारोदार जाऊन त्या ओला व सुका कचरा नेतात, आणि कागद, कांच, पत्रा वेगळा काढून पुन्हां कारखान्याच्या वाटेस लावतात. रद्दी वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून त्या स्त्रियांच्या आरोग्यविषयक कचऱ्यासाठीं देण्याचा उपक्रमही या संस्थेनें केला. पूर्वीं माजघरांतील आत्याबाई जें करीत, तें आतां या बाया करीत आहेत. फरक एवढाच कीं, पूर्वीं वस्तु घराबाहेर जात नसे, आणि आतां ती उंबरा ओलांडून परक्या हातीं पडते.

या ठिकाणीं आमच्या घरांची परीक्षा आहे. उंबऱ्याच्या आंत सोवळें काटेकोर पाळावयाचें आणि उंबऱ्याबाहेर गेलेलें कोणाच्या हातीं लागतें याचा विचारही करावयाचा नाहीं, ही संवय जुनी आहे. खरकट्यांत कालविलेला कागद वेंचणाऱ्या बाईच्या हातास जी घाण लागते, ती आमच्या निष्काळजीपणाची असते. आत्याबाईंचे श्रम ज्या कारणानें कीर्दींत आले नाहींत, त्याच कारणानें या बाईचेही येत नाहींत: जें आपल्या दृष्टीआड घडतें, त्याचें मोल आपण करीत नाहीं.

म्हणून गृहिणींस व गृहस्थांस आमची विनंति अशी आहे. मुलांस सुट्टींत लगद्याची टोपली करावयास अवश्य शिकवा; जुन्या साड्यांची एक तरी गोधडी घरांत शिवा, आणि तींत मुलग्यांचेही टांके पडूं द्या. जें घरीं होत नसेल तें कोरडें, धुतलेलें व निराळें बांधून द्या. आणि तें नेणारीचें मासिक देणें वेळेवर, हातांत, तिचें नांव घेऊन द्या. वाड्याचा माळा पुन्हां बांधतां येणार नाहीं. परंतु वस्तूचा मान तिच्या शेवटच्या पायरीपर्यंत राखण्याची त्याची शिकवण चार खोल्यांच्या सदनिकेंतही सहज मावेल.