चिंतेची आवक-जावक

मराठी मध्यमवर्गीय घरात मूल बोलू लागले की त्याला श्लोक शिकवतात, आणि शाळेत जाऊ लागले की त्याचा नंबर विचारतात. श्लोक कालांतराने विस्मरणात जातात. नंबर मात्र जन्मभर पाठ सोडत नाही. स्कॉलरशिप, दहावी, पदवी, स्पर्धापरीक्षा, नोकरी, बढती असा हा जिना चढता चढता माणूस तिशी ओलांडतो, आणि एखाद्या संध्याकाळी, विशेष असे कोणतेही संकट समोर नसताना, आपले कशातच मन लागत नाही हे त्याच्या ध्यानात येते. काम चोख होत असते, साहेबांचा शेराही बरा असतो; परंतु केल्याचे समाधान म्हणून जे काही असते ते कोठे गेले याचा पत्ता लागत नाही. आपण जी मंडळी सरकारी चाकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहतो, त्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. ज्यांची काळजी वाहायची ती माणसे शेकडो मैल दूर राहतात, आणि काळजी तेवढी आपल्याबरोबर बदलीवर येते. या दुखण्यावर रामबाण औषध मजपाशी नाही. चार लहान सवयींनी मला जो आराम दिला त्याची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे बिऱ्हाड बंगळुरात सर्जापूर रोडवर आहे. सर्जापूर हे मुळात आनेकल तालुक्यातले गाव. कोरमंगल्याच्या अंगाने निघालेला हा रस्ता आगऱ्याच्या तळ्याजवळून जातो, इब्बलूरला बाह्य वर्तुळमार्ग ओलांडतो, आणि कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी एके काळची खेडी ओवीत त्या गावी पोहोचतो. खेड्यांची नावे राहिली. शेतांच्या जागी मात्र उंच इमारती उभ्या आहेत. विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर, दोड्डकन्नेल्लीस आहे. सकाळी आठापासून येथे मोटारींची जी रांग लागते ती रात्री नवापर्यंत तुटत नाही. टॉमटॉम या संस्थेने २०२३ साली जगातील शहरांची पाहणी केली, तेव्हा बंगळुराच्या मध्यभागी दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागतात असे आढळले होते. सर्जापूर रोडच्या रहिवाशांना हा आकडा वाचून हेवाच वाटला असेल.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सोलापूरकडचा एक तरुण इंजिनिअर राहतो. पहिलीपासून पहिला नंबर न सोडलेला हा मुलगा. गेल्या वर्षी त्याला उत्कृष्ट कामाबद्दल कंपनीचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच आठवड्यात तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “दादा, चार दिवसांची रजा मिळालीय, पण रजेत करायचं काय तेच सुचत नाही. झोपलो तरी लॅपटॉप उघडाच राहिलाय असं वाटतं.” सौ.ने त्याला बसवून पोहे दिले. त्याने ते अर्धेच खाल्ले.

त्याचे बोलणे मला परके वाटले नाही. त्याच सुमारास मी खात्यांतर्गत परीक्षेची तयारी करीत होतो. मिरजेस आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन करावे की न करावे याचा खल चालला होता. आणि मुलीच्या शाळेत कन्नडचे नवे पुस्तक लागले होते, ते तिच्याआधी मला वाचावे लागे. रात्री दोनच्या सुमारास जाग येई आणि मन एकामागून एक प्रकरणे उघडू लागे. त्यांतले एकही प्रकरण त्या घटकेला निकाली निघण्यासारखे नसे.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या नावाने आपला निबंध प्रसिद्ध केला. मोफत दवाखान्यांत तळमळीने राबणारी माणसे काही काळाने आतून रिकामी होतात, असे त्यांनी पाहिले होते. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची तीन लक्षणे नोंदवली: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल अलिप्तपणा वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटनेने हिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या जागी उद्भवणारी अवस्था असे म्हटले आहे. साधा थकवा झोपेने उतरतो. हा थकवा झोपेलाच हाकलून लावतो, हा दोहोंतला फरक मी अनुभवाने सांगू शकतो.

विश्रांती मागणे हे आळशाचे लक्षण, असा एक समज आपल्यात खोल रुजलेला आहे. वास्तविक ती आपल्याच माणसांनी कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि वर्षानुवर्षे खटपट करून १० जून १८९० रोजी आठवड्याची रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना १९८५ सालापासून शनिवारही मिळाला. उलट याच शहरातील इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, आणि त्यावर देशभर वाद झाला. कष्टाशी माझे वैर नाही. परंतु २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसून आले. हे आकडेही हिशेबात धरावयास हवेत.

आता सवयींकडे वळतो. त्यांचे मूळ कारकुनीतच आहे. बाहेरची मंडळी कारकुनाला हसतात. पण शेकडो प्रकरणे हाताशी असताना एकाही प्रकरणाचा बोजा डोक्यात न ठेवण्याची विद्या जर कोणापाशी असेल तर ती त्याच्यापाशीच. आलेला प्रत्येक कागद आवक-वहीत चढतो. उत्तराची वाट पाहावयाची असेल तर त्यावर ‘अमुक तारखेस पुन्हा सादर’ असा शेरा पडतो, आणि त्या तारखेपर्यंत त्याची आठवण ठेवण्याचे काम वहीचे होते. आता ई-ऑफिस आले, फायली पडद्यावर फिरतात. पण तत्त्व तेच राहिले. कार्यालयात जे आपण रोज करतो ते घरच्या चिंतांच्या बाबतीत का करू नये, असा विचार माझ्या मनात आला.

पहिली सवय पाच मिनिटांची आहे. कार्यालय सोडण्यापूर्वी एका कागदावर उद्याची कामे नेमकी लिहावयाची. ‘लेखापरीक्षणाचे पाहणे’ असे मोघम लिहावयाचे नाही. ‘परिच्छेद तीनच्या उत्तराचा मसुदा’ असे लिहावयाचे. कागद टेबलाच्या खणात ठेवावयाचा. घरी आणावयाचा नाही. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढे करावयाच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. पुढची कामे लिहिणारे सरासरी नऊ मिनिटे आधी झोपी गेले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर आली. नऊ मिनिटे म्हणजे फार नव्हेत, असे ज्याला रात्री पडल्या पडल्या झोप लागते तोच म्हणेल.

दुसरी सवय चिंतेची वेळ ठरवण्याची. पेनसिल्व्हेनियातील टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली ही रीत पारखून पाहिली. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावयाचा. इतर वेळी चिंता डोकावली की तिला त्या अर्ध्या तासाची वेळ द्यावयाची आणि हातातल्या कामाकडे परतावयाचे. माझी वेळ साडेसहा ते सात. जागा गच्चीतली एक प्लॅस्टिकची खुर्ची. वहीत दोन रकाने आखले आहेत: एक ‘कार्यवाही शक्य’, दुसरा ‘केवळ नोंद’. आईच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांचे दुसरे मत घेणे पहिल्या रकान्यात गेले, आणि आठ दिवसांत घेऊनही झाले. परीक्षेच्या निकालाचे काय होईल, हा प्रश्न दुसऱ्या रकान्यात गेला. पहिल्या महिन्यात दुपारी अकस्मात काळीज धडधडे, तेव्हा मी मनाशी म्हणे, ‘साडेसहाला सादर करा.’ मजेची गोष्ट अशी की दुपारी जी चिंता डोंगराएवढी वाटे तिला साडेसहाला दोन ओळीही पुरत. काही चिंता तर हजरच होत नसत. त्यांच्यासमोर मी ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारतो.

तिसरी सवय फिरण्याची. आमच्या घराजवळ कैकोंड्रहळ्ळीचे तळे आहे, सुमारे ४८ एकरांचे. पाणी आटून कचऱ्याने भरत चाललेले हे तळे २००९ ते २०११ या काळात रहिवासी आणि महानगरपालिका यांनी मिळून पुन्हा जिवंत केले. आता तेथे पेलिकन आणि पाणकावळे येतात, भोवती चालावयास वाट आहे, आणि शेजारच्या सरकारी शाळेतील मुलांचा गलबला पाण्यावरून ऐकू येतो. सकाळी मी तेथे एक फेरी घालतो. मोबाइल घरी ठेवतो आणि पावले मोजत नाही. हे न मोजणे मला फार महत्त्वाचे वाटते. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा आज सर्वतोमुखी आहे. तो प्रथम गाजला १९६५ साली, जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस काढून त्याला ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे नाव दिले तेव्हा. चालणे हितकर आहे यात शंका नाही. पण नंबराच्या मागे धावून दमलेल्या माणसाने विसाव्यालाही नंबर लावला, तर त्याची नोकरी तळ्याकाठीही चालूच राहते. सोलापूरकर इंजिनिअर पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आला तेव्हा मनगटावरचे घड्याळ दर दोन मिनिटांनी पाहत होता. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी तो थबकून म्हणाला, “दादा, तो पक्षी पंख पसरून वाळवतोय बघा.” पाणकावळा होता. घड्याळ त्याच्या हाताला नव्हते.

चौथी सवय साडेसातच्या फोनची. पूर्वी आईचा फोन अवेळी आला की छातीत धस्स होई, आणि माझा गेला की तिच्या. आता रोज साडेसातला दहा मिनिटे बोलावयाचे असे ठरले आहे. आई म्हणते, “अरे, रोज रोज काय बोलायचं? कालचंच आज.” आणि पुढल्याच वाक्यात सांगते, “तुझा फोन येतो म्हणून सातलाच कुकर उतरवून ठेवते.” बोलण्यात विशेष काही नसते: पाणी किती वाजता आले, गुडघा कसा आहे, शेजारी कोणाकडे पाहुणे आले. पण त्यामुळे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे आम्ही दोघेही मोकळे असतो.

एवढ्याशा गोष्टींनी काय होणार, असे कोणी विचारील. त्या एवढ्याशा आहेत म्हणूनच टिकतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून रोज सूर्यनमस्कार घालीत. त्यांच्या या पद्धतीवरचे पुस्तक १९३८ साली इंग्रजीतही निघाले. त्या व्यायामाला चटईएवढी जागा पुरते, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण असावे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी पाहून २०१० साली निष्कर्ष छापला, की सवय अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागतात. कोणाला १८ पुरतात, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला धीर आला तो त्यांच्या आणखी एका निरीक्षणाने: मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. पहिल्या नंबराच्या शाळेत वाढलेल्यांना हे कोणी शिकवलेले नसते. तेथे एक दिवस चुकणे म्हणजे नापास होणे.

सवयींची मर्यादाही सांगितली पाहिजे. बारा तास राबवून घेणाऱ्या जागी तळ्याभोवतीची फेरी न्याय मिळवून देत नाही. त्यासाठी लोखंड्यांचाच मार्ग लागतो. या मासिकाच्या वाचकांत अधिकारी पुष्कळ आहेत, म्हणून नम्रपणे सुचवितो: रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर धाडलेला संदेश आपल्याला हलका वाटत असेल, पण तो ज्याच्या उशाशी पोहोचतो त्याची रात्र त्यात जाते. तो सकाळी धाडावा. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छा हीच उणावू लागली, तर वही आणि खुर्ची पुरी पडत नाहीत; डॉक्टर गाठावा. बंगळुरात निम्हान्ससारखी संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही गावाहून विनामूल्य बोलता येते, आणि आपल्या भाषेत बोलता येते.

खात्यांतर्गत परीक्षेचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो ‘केवळ नोंद’ या रकान्यात आहे आणि तेथेच राहील. बढती मिळाली तर बहुधा बदलीही होईल, आणि तिच्याबरोबर नवे शहर, नवी भाषा, मुलीची नवी शाळा. सामान बांधताना काय न्यावे आणि काय टाकावे याची यादी सौ.ने मनात आतापासूनच केली आहे. तळे नेता येणार नाही. पण प्रत्येक गावी कोठे ना कोठे एक पायवाट असते, साडेसहा रोज वाजतात, आणि दोन रकान्यांची वही पिशवीत मावते. तिच्यासाठी प्रवासभत्त्याच्या बिलात वेगळी रक्कम मागावी लागत नाही.