ताजी मासळी, कालची तारीख

आमचं काम हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ छोटं ऑफिस, चार माणसं, आणि गिऱ्हाईक म्हणजे आंबा बागायतदार, बर्फाचे कारखाने, मासळीचे व्यापारी. या मंडळींचं सगळं एकाच मशिनवर असतं: वेब सर्व्हर, डेटाबेस, रात्रीचे क्रॉन, प्रिंटरची रांग. त्यामुळे डॉकरचा गवगवा झाला तेव्हा मी त्याला दुरूनच नमस्कार केला. एका कंटेनरात एकच प्रोग्रॅम ही त्याची रीत. आमचं तर अख्खं बिऱ्हाड.

टेस्टिंगसाठी आम्ही व्हर्च्युअल मशिन वापरायचो. आठ जीबी रॅमच्या पीसीवर दोन चालू केली की तिसऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. पावसाळ्यात लाइट गेली की ती नीट बंद करेपर्यंत इन्व्हर्टर मान टाकायचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये उबुंटू १६.०४ आलं आणि त्याच्याबरोबर कंटेनर चालवणारं एलएक्सडी २.०. इमेज एकदा उतरवून घेतली की एका कमांडीत, काही सेकंदांत अख्खं लिनक्स उभं. त्याला स्वतःचा आयपी, स्वतःचा रूट, स्वतःचं सिस्टीमडी. एसएसएच करून आत जा, हवं ते बसवा, मोडा, फेकून द्या. त्याच पीसीवर आठ-दहा कंटेनर चालायला लागले. मी इतका खूश झालो की माहितीपत्रकं वाचायची राहून गेली.

वाचली असती तर सुरुवातीलाच कळलं असतं की हे वेगळं मशिन नाही. कर्नल एकच, मुख्य मशिनचा. नेमस्पेसमुळे प्रत्येक कंटेनरला आपल्याच प्रोसेस, आपलंच नेटवर्क, आपल्याच फाइली दिसतात. सीपीयू आणि मेमरी कोणाला किती, ते सीग्रुप ठरवतात. भास फार नीट जमवलेला आहे. आत मेमरी विचारली तर कंटेनरला नेमून दिलेलीच दिसते. मशिन कधीपासून चालू आहे विचारलं तर कंटेनर सुरू झाल्यापासूनचा वेळ येतो. त्यासाठी एलएक्ससीएफएस नावाचा प्रोग्रॅम मागे बसून आकडे बदलून देत असतो. हे सगळं मी हप्त्याहप्त्याने शिकलो, आणि प्रत्येक हप्ता भरावा लागला.

पहिला हप्ता मार्च २०१८ मध्ये. जीएसटी लागू झाल्यानंतरची ती पहिली वर्षअखेर. ३१ मार्चच्या रात्री बिलांची नवी मालिका सुरू होते का, हे आधीच तपासायचं होतं. कंटेनरमध्ये तारीख बदलायला गेलो तर उत्तर आलं, परवानगी नाही. रूट असून परवानगी नाही म्हणजे काय! या उत्तरात मला काहीतरी सांगितलं जात होतं, पण मी चिडलो होतो. मुख्य मशिनवर गेलो, वेळ आपोआप जुळवणारी सेवा स्वतःच्या हाताने बंद केली आणि तारीख १ एप्रिल करून टाकली. कंटेनरमध्ये पाहिलं, तिथेही १ एप्रिल. काम झालं म्हणून खाली चहाला गेलो.

तारखेला नेमस्पेस नाही. लिनक्समध्ये २०२० साली वेळेची नेमस्पेस आली, तीसुद्धा मशिन सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजणाऱ्या घड्याळांपुरती. आजची तारीख सगळ्या कंटेनरांना एकच. आणि त्याच पीसीवर एका बर्फाच्या कारखान्याचं चालू सॉफ्टवेअर होतं. त्यांचा सर्व्हर दुरुस्तीला गेला म्हणून, तात्पुरतं. मी चहा पीत होतो तेव्हा तिथून बोटींना बर्फाची बिलं निघत होती, पुढच्या आर्थिक वर्षाची, एक नंबरपासून. घड्याळ मी पाच मिनिटांत जागेवर आणलं. गिऱ्हाइकाच्या खिशात गेलेली बिलं कोण आणणार? ती एकेक शोधून, रद्द करून नवी द्यावी लागली, आणि त्या धावपळीचं बिल अर्थातच मी लावलं नाही. कारखान्याचे अकाउंटंट त्यानंतर बरेच दिवस मला "या, एप्रिलवाले" म्हणत होते. आता तारखेची टेस्ट असली की मी फेकटाइम वापरतो. ते एकाच प्रोग्रॅमला खोटी तारीख सांगतं, बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

दुसरा हप्ता मोठा होता. स्नॅपशॉट ही गोष्ट माणसाला बिघडवते. झेडएफएसवर स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही, कारण त्यानंतर जे बदलेल तेवढंच वेगळं साठवलं जातं. काहीही करायच्या आधी स्नॅपशॉट, बिघडलं की मागे. या सोयीची इतकी सवय लागली की मी कोडही कंटेनरातच लिहायला लागलो. गिटमध्ये नंतर टाकू, म्हणायचो.

२०१९ च्या सीझनआधी एका बागायतदाराच्या जुन्या वह्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं काम होतं. आमच्या ऑपरेटर ताईंनी कित्येक आठवडे बसून त्या टाइप केल्या होत्या. वह्यांतलं सगळं वाकडं-तिकडं त्यांनी तसंच उतरवलं होतं: कुठे पेटी पाच डझनांची, कुठे सहाची, डागी फळ कधी वेगळं, कधी त्याच ओळीत, वाशीच्या दलालाच्या पट्टीत हमाली धरलेली, तर पुढच्या पानावर सोडलेली. टेस्टिंगला याहून चांगला डेटा मिळत नाही. तो डेटा आणि तो वाचणाऱ्या माझ्या स्क्रिप्टा, दोन्ही एकाच कंटेनरात. स्नॅपशॉट भरपूर.

मग एक दिवस जागा संपत आली. एलएक्सडी बसवताना मी सगळ्या प्रश्नांना नुसता एंटर मारत गेलो होतो, त्यामुळे झेडएफएसचा पूल एका ठरावीक मापाच्या फाइलीत होता. काहीतरी काढायला हवं होतं. शेजारी नवीन लागलेला मुलगा बसला होता. त्याने विचारलं, "सर, कंटेनर डिलीट केला तरी स्नॅपशॉट राहतात ना?"

"राहतात की रे. त्यासाठीच तर घेतो."

कंटेनर चालू असल्यामुळे कमांडने आधी नकार दिला. मी फोर्स लावला. तिने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, दोन सेकंदांत पुढची ओळ आली. मग स्नॅपशॉट बघायला गेलो, तर या नावाचं काही नाही. स्नॅपशॉट कंटेनरच्या मालकीचे असतात. कंटेनरबरोबर तेही जातात. नसते गेले तरी काय, ते होते त्याच पीसीच्या त्याच डिस्कवर. डिस्क गेली असती तरी हेच झालं असतं. मी ज्याला बॅकअप समजत होतो, त्याला बॅकअप म्हणतच नाहीत.

त्या मुलाने एक शब्द काढला नाही. काहीतरी म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

ताईंना जाऊन सांगणं हे सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सगळ्याच वह्या का?" टायपिंगचे पैसे दुसऱ्यांदा दिले. स्क्रिप्टा पुन्हा लिहिल्या, आणि त्या पहिल्यांदापेक्षा लवकर झाल्या, हे मान्य करायला हवं. पण आंबा आमच्यासाठी थांबत नाही. त्या बागायतदारांनी तो सीझन वहीवरच काढला आणि पुढच्या वर्षी आम्हाला बोलावलं नाही. कंटेनर डिलीट होऊ न देणारी एक सेटिंग आहे, एका ओळीची. ती आता लागलेली असते. शिवाय दर रात्री एक्स्पोर्ट दुसऱ्या डिस्कवर जातो, आणि ती डिस्क शनिवारी घरी येते.

यानंतर मी शहाणा झालो असं मला वाटत होतं, म्हणून तिसऱ्या गोष्टीला वेळ लागला.

२०२२ च्या पावसाळ्यात मिरकरवाड्यातल्या एका मासळी व्यापाऱ्याचं काम केलं. कोणत्या बोटीची किती मासळी उतरली, काय भावाने गेली, बोटीला आगाऊ किती दिले, डिझेल, बर्फ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वेळ होता. या वेळी सगळं रीतसर: कोड गिटमध्ये, टेस्ट कंटेनरात, टेस्ट पास झाल्यावर तोच कंटेनर त्यांच्या मशिनवर नेऊन चालू केला. मला या शेवटच्या गोष्टीचा फार अभिमान होता. जे तपासलं तेच दिलं!

बंदी उठली. थोड्याच दिवसांत पेढीवरच्या मेहतांचा फोन. "साहेब, तुमचा कम्प्युटर आमची ताजी मासळी शिळी करतो."

मी विचारलं, एंट्री करताना तारीख बघून घेता ना? ते म्हणाले, तारीख कम्प्युटरच टाकतो, आम्ही कशाला बघू. मी ऑफिसात बसून पुन्हा सगळं तपासलं. तारीख बरोबर. त्यांना सांगितलं, आमच्याकडे नीट चालतंय. हे वाक्य आमच्या धंद्यात फार बोललं जातं आणि त्याने आजवर कोणाचं समाधान झालेलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा फोन. शेवटी पहाटे लॅपटॉप घेऊन बंदरावर गेलो.

पाचचा सुमार. टोपल्या उतरत होत्या, मेहता एका हाताने चिठ्ठी लिहीत होते, दुसऱ्या हाताने एंट्री. पापलेट, अमुक बोट, इतके किलो. तारीख कालची. पुढची एंट्री, कालची. मी पडद्याकडे बघत उभा. साडेपाच झाले आणि त्यानंतरची पहिली एंट्री आजच्या तारखेची आली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तिकडे मध्यरात्र झाली की इकडे साडेपाच वाजतात. कंटेनर जागतिक वेळेवर चालत होता.

मशिनवर उबुंटू बसवताना ते विचारतं, तुम्ही कुठे आहात, आणि आपण कोलकाता निवडतो. कंटेनर तयार इमेजमधून उभा राहतो, तिथे कोणी विचारत नाही. मुख्य मशिनची वेळ बरोबर होती. मुख्य मशिनचा टाइमझोनही बरोबर होता. कंटेनरच्या फाइली मात्र त्याच्या स्वतःच्या, त्यात टाइमझोन जागतिक. म्हणजे २०१८ मध्ये मी घड्याळ वेगळं समजलो आणि ते एकच निघालं. २०२२ मध्ये टाइमझोन एकच समजलो आणि तो वेगळा निघाला. आमच्या टेस्ट चालायच्या सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि या वेळात लंडन आणि रत्नागिरीची तारीख एकच असते. टेस्ट करणाऱ्यांत पहाटे पाचला जागा असणारा कोणी नव्हता. मासळीचा धंदा त्याच वेळी जागा असतो.

दुरुस्ती एका ओळीची होती. झालेल्या नोंदींचं काय? साडेपाचच्या आधीच्या नोंदींत एक दिवस मिळवला की झालं, असं मी मेहतांना ऐटीत सांगितलं. मग टेबल उघडून पाहिलं. त्यात तारीख होती, वेळ नव्हती. जागा वाचवायला मीच तो रकाना नको म्हटलं होतं. कोणती नोंद पहाटेची, कोणती दुपारची, हे आता फक्त चिठ्ठ्या सांगणार. त्या एका प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या, काहींवर खवले. बोटीच्या हिशेबावर खलाशांचा वाटा ठरतो, त्यामुळे सोडून देताही येईना. मेहता चिठ्ठी सोडवून वाचायचे, मी तारीख बदलायचो. मध्येच विचारायचे, "हे कम्प्युटर कशासाठी घेतलं हो आम्ही?" त्यांना ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

२०२३ च्या जुलैत उबुंटूवाल्या कॅनॉनिकलने एलएक्सडी स्वतःच्या ताब्यात घेतलं, ऑगस्टमध्ये त्यातून इन्कस वेगळं निघालं. पुढच्या वर्षी आम्ही इन्कसवर गेलो. जाताना जुने कंटेनर उचलून नेण्याऐवजी प्रत्येक कंटेनर स्क्रिप्टने नव्याने उभा केला. स्क्रिप्टची पहिली ओळ टाइमझोनची. पहाटेची एक टेस्टही असते, फेकटाइमने पाच वाजवून.

एक तेवढा राहिला: बर्फाच्या कारखान्याचा तात्पुरता कंटेनर. त्यांचा सर्व्हर दुरुस्त होऊन आलाच नाही. कंटेनरात अजून उबुंटू १६.०४ आहे, आणि इतक्या वर्षांत मी हाताने आत काय काय बदललं त्याची नोंद कुठेही नाही. नव्या मशिनवर नेऊन पाहिला, तर उठेना. नवीन मशिनवर सीग्रुपची नवी आवृत्ती आहे आणि १६.०४ मधल्या सिस्टीमडीला जुनीच लागते. कर्नल मुख्य मशिनचा, कंटेनरचा स्वतःचा नाही. त्यामुळे तो आठ जीबीचा पीसी आम्ही अजून चालू ठेवला आहे, फक्त त्या एकासाठी. मी कारखान्यात सांगून आलो की मासेमारी बंद असेल तेव्हा नव्याने उभारू. अकाउंटंटनी विचारलं, "कोणत्या सालच्या बंदीत?"