विहिरीकांठचें जुनें इंजिन

पालघर, बोईसर, तारापूर या बाजूच्या जुन्या वाड्यांतून हिंडणाऱ्यास विहिरीकांठीं वेलींनीं झांकलेलें एखादें लोखंडी धूड कधींमधीं आढळतें. मुलें त्यावर चढून खेळतात, आणि भंगारवाला मनांतल्या मनांत त्याचें वजन करून ठेवतो. तें जुनें डिझेल इंजिन होय. गेलीं तीन वर्षें प्रस्तुत लेखकाचे रविवार अशाच एका इंजिनाच्या नादांत गेले असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

या किनाऱ्यावर पूर्वीं विहिरीचें पाणी रहाटानें काढीत. पुढें इंजिनें आलीं. इंग्लंडांतील डर्सली गांवच्या लिस्टर कंपनीनें १९३० च्या सुमारास काढलेलें दोन जड चाकांचें, संथ गतीचें इंजिन फार नांवाजलें. राजकोटास त्याच्या हुबेहूब प्रती पुढें कित्येक वर्षें निघत राहिल्या. आपल्याकडे साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांतच डिझेल इंजिनें बनविलीं, आणि १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. आमच्या इंजिनावरील पितळी पाटी मात्र कोणी काढून नेलेली. त्याचें कूळ कोणतें, असें मीं विचारतांच आमचे मिस्त्रीमामा म्हणाले, "मास्तर, कूळ कशाला? सोयरीक थोडीच जुळवायची आहे!"

मामांचें वय पंचाहत्तरीपलीकडचें. पिस्टन सिलिंडरांत घट्ट बसला होता. माझ्या पुतण्यास घण घालण्याची घाई. मामांनीं वरून डिझेल ओतलें आणि पंधरा दिवस कोणासही हात लावूं दिला नाहीं. मग लांकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकतां ठोकतां तो सुटला. रिंगा खांचांत चिकटल्या होत्या, व गार पाणी खेळण्याच्या पोकळींत मचूळ विहिरीचा खार बोटभर सांचला होता. तो खरवडण्यांतच एक पावसाळा गेला.

परंतु खरी विद्या कानाची. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांतील हवा मूळच्या सुमारें सोळाव्या हिश्श्याइतकी दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. रुडॉल्फ डिझेल यांचें यंत्र १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी झालें तें याच तत्त्वावर. मात्र तेल तुषार होऊन उडालें पाहिजे, थेंबांनीं गळतां कामा नये. तें तपासण्यास मामांजवळ मापयंत्र नाहीं. ते हातानें पंप दाबतात आणि कान लावतात. नोझल 'कर्र' असें बोललें कीं मान हलवितात. मुकें राहिलें तर पुन्हां खोलणें आलें. दोन वर्षें ऐकून मला तो भेद दहांत सातदां कळूं लागला आहे. मामांचा मुलगा बोईसरच्या एका कारखान्यांत संगणकानें चालणाऱ्या यंत्रावर असतो. त्यास या विद्येची गरज पडत नाहीं, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. पण मामांमागें ती कोठें राहावयाची?

विजेच्या मोटारींनीं हीं इंजिनें मागें सारलीं. गंमत अशी कीं, १९६९ सालीं याच तारापुरास अणुवीज निर्माण होऊं लागली, आणि अशा केंद्रांतही बाहेरची वीज खंडित झाल्यास अणुभट्टी थंड राखण्यासाठीं डिझेल जनित्रें सज्ज ठेवावीं लागतात. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें समुद्राच्या लाटेनें तशीं जनित्रें बुडविलीं, आणि तीन अणुभट्ट्यांचें इंधन वितळलें. गरज कधींमधींच पडते, तरी तीं जनित्रें अधूनमधून चालवून पाहावीं लागतात. उभें यंत्र आंतून गंजतें. आम्हीही आमचें इंजिन दर रविवारीं अर्धा तास चालवितों.

त्या वेळीं शाळेंतील कांहीं मुलें येतात. झडप उघडी धरणारी कळ वर करून हँडल फिरवावयाचें, चाकांनीं वेग घेतला कीं कळ सोडावयाची. "अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवा," मामा प्रत्येकास बजावतात, "उलट मारलं तर हँडल हातांतून सुटलं पाहिजे." गेल्या रविवारीं त्यांनीं पंप दाबला तेव्हां नववींतील एक मुलगी म्हणाली, "मामा, हें गळतंय." मामांनीं कांहीं न बोलतां पाना घेतला व नोझल खोललें. गळत होतें.